पॅनेलमच्या टूरचं कॉन्फिग पानात घातल्यावर फोटो गायब, 'पायऱ्या' उघडेना: काय चुकतंय?

गडवाट

रायगडाची २२ ठिकाणांची ३६० अंशांची टूर आहे, पॅनेलम २.५.६ (ब्राउझरमध्ये ३६० अंशांचे फोटो दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) वर. आतापर्यंत पॅनेलमसोबत येणारं तयार पान (पॅनेलम डॉट एचटीएम) आयफ्रेममध्ये लावलं होतं आणि पत्त्यात हॅशनंतर कॉन्फिग (टूरची मांडणी सांगणारी माहिती) म्हणून टूर डॉट जेसन फाइलचा पाथ दिला होता. ते व्यवस्थित चालत होतं.

आता महादरवाजा, होळीचा माळ, नगारखाना, राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर अशी प्रत्येक ठिकाणाची स्वतंत्र पानं केली आहेत. त्या त्या पानावर टूर त्याच जागेपासून सुरू व्हायला हवी. म्हणून आयफ्रेम काढून कॉन्फिग पीएचपीमधून थेट पानातच छापतो: स्क्रिप्ट टॅग, आत एका व्हेरिएबलमध्ये जेसन_एन्कोडचं आउटपुट, त्याला अनएस्केप्ड-युनिकोड आणि अनएस्केप्ड-स्लॅशेस हे दोन पर्याय. त्यानंतर पॅनेलम डॉट व्ह्यूअरला तेच ऑब्जेक्ट देतो. चार अडचणी आहेत:

१. मुखपृष्ठावर फोटो दिसतात, आतल्या पानांवर एकही दिसत नाही. नेटवर्क टॅबमध्ये सगळीकडे ४०४ (फाइल सापडली नाही).

२. 'पायऱ्या' नावाचा सीन (टूरमधलं एक ठिकाण) कुठल्याच पानावरून उघडत नाही. नाव तीनदा तपासलं, अक्षर न् अक्षर सारखं आहे. सीनचे आयडी आणि फोटोंची नावं दोन्ही देवनागरीत आहेत. फोटो मॅकवर झिप करून आले आहेत, सर्व्हर लिनक्सचा आहे.

३. नगारखान्याच्या माहितीबिंदूत एका व्हिडिओचा एम्बेड कोड चिकटवला आणि पान फुटलं. टूर नाहीच, उलट पानावर कॉन्फिगचा उरलेला मजकूर साध्या अक्षरांत दिसतो.

४. टकमक टोकाचा फोटो फोनवर काढलेला, वरखाली कापलेला आहे. आधी नीट दिसायचा. साइटसाठी फोटो कॉम्प्रेस केल्यापासून उभा ताणलेला दिसतो.

शिवाय एक मूळ प्रश्न: कॉन्फिग पानात ठेवणं बरोबर आहे, की वेगळी फाइलच बरी?

(टॅगांची आणि कॉन्फिगमधल्या कींची, म्हणजे नोंदींची, नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये ती रोमनमध्येच आहेत.)

---

कोडकट्टा

पहिल्या अडचणीचं कारण बेसपाथ. तयार पान वापरत होता तेव्हा पॅनेलम एक काम तुमच्या नकळत करत होतं. कॉन्फिगच्या फाइलचा पाथ घेऊन, त्यातला शेवटच्या स्लॅशपर्यंतचा भाग बेसपाथ म्हणून लावत होतं. त्यामुळे जेसनमध्ये नुसतं 'फोटो/महादरवाजा' असं लिहिलं तरी ते जेसन फाइलच्या फोल्डरपासून मोजलं जायचं. कॉन्फिग पानात आलं की अशी फाइलच उरत नाही. मग ब्राउझर सापेक्ष पाथ पानाच्या पत्त्यापासून मोजतो. मुखपृष्ठ 'टूर' फोल्डरच्याच मुळाशी असल्यामुळे तिथे तो योगायोगाने जुळला, आतल्या पानावर 'ठिकाण/महादरवाजा/फोटो/...' असा झाला आणि ४०४ आला.

कॉन्फिगच्या 'डिफॉल्ट' भागात 'बेसपाथ' ही की टाका आणि तिची किंमत स्लॅशने सुरू होऊन स्लॅशनेच संपणारी ठेवा, म्हणजे 'स्लॅश टूर स्लॅश' अशी. शेवटचा स्लॅश राहिला तर पॅनेलम तो स्वतःहून घालत नाही, दोन्ही तुकडे नुसते चिकटवतं आणि 'टूरफोटो/...' असा पत्ता तयार होतो. स्लॅशने किंवा एचटीटीपीएसने सुरू होणाऱ्या पाथला बेसपाथ लागत नाही, त्यामुळे काही फोटो वेगळ्या सर्व्हरवर असतील तर त्यांचे पूर्ण पत्ते तसेच राहू द्या. फक्त एक लक्षात ठेवा, पॅनेलम एकाच सपाट फोटोचा (इक्विरेक्टँग्युलर) पॅनोरमा साध्या इमेज टॅगने मागवत नाही, एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टने मागवतं. दुसऱ्या डोमेनवरच्या फोटोला ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हा हेडर नसेल तर तो ब्राउझरमध्ये वेगळ्या टॅबला छान उघडेल आणि टूरमध्ये मात्र येणार नाही. ह्याच कारणामुळे फाइलवर डबलक्लिक करून टूर तपासता येत नाही. पायथनचा एचटीटीपी डॉट सर्व्हर ८००० पोर्टवर लावला तरी पुरतो.

आणखी एक. तयार पान ज्या डिव्हमध्ये दर्शक (व्ह्यूअर) लावतं त्याला ते स्वतःच उंची देतं. तुमच्या पानावर ती तुम्हाला द्यावी लागेल. उंची न दिलेल्या डिव्हमध्ये पॅनेलम शून्य उंचीत चालू होतं, कन्सोलमध्ये एकही चूक दिसत नाही आणि माणूस तासभर कॉन्फिगमध्ये शोधत बसतो.

कींमधली लहान-मोठी अक्षरंही तपासा. 'हॉटस्पॉट्स' (फोटोवरचे बाण आणि माहितीबिंदू) मधला 'स्पॉट' चा एस मोठा आहे, 'फर्स्टसीन' मध्येही सीनचा एस मोठा, 'सीनआयडी' मध्ये मात्र सीनचा एस लहान आणि आयडीचा आय मोठा. यात चुकलं तर पॅनेलम तक्रार करत नाही, त्या कीकडे सरळ दुर्लक्ष करतं.

---

जोडाक्षर

'पायऱ्या' बद्दल. हा घोळ मराठीचाच आहे आणि डोळ्यांनी तो कधीच सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'ऱ्या' मधला अर्धा ऱ युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. पहिला, नुक्ता असलेला अखंड ऱ (यू+०९३१) आणि त्याला हलंत. इन्स्क्रिप्टवर र च्या कीवर शिफ्ट दाबून येतो तो हाच. दुसरा, साधा र, त्यामागे सुटा नुक्ता (यू+०९३सी), मग हलंत. तिसरा, साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (यू+२००डी). पडद्यावर तिन्ही 'पायऱ्या' असेच उमटतात. ब्राउझरच्या दृष्टीने मात्र हे तीन वेगळे शब्द आहेत.

कन्सोलमध्ये तपासा. शब्दाची लेंग्थ विचारली तर अखंड ऱ असलेला 'पायऱ्या' ७ सांगतो: प, काना, य, ऱ, हलंत, य, काना. बाकी दोन्ही प्रकार ८ सांगतात. त्यामुळे दोन्हीकडे ८ आले म्हणून शब्द सारखे आहेत असं समजू नका. प्रत्येक अक्षराचा कोडपॉइंट छापून बघा, म्हणजे खात्री होते.

मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम फाइलची नावं विघटित रूपात साठवते, म्हणजे तुमचा अखंड ऱ तिथे 'र अधिक नुक्ता' होतो. ते फोल्डर झिप करून लिनक्सवर उघडलं की नाव त्याच फुटलेल्या रूपात येतं. लिनक्स नावाचे बाइट जसेच्या तसे पडताळतो, रूपं जुळवत नाही. कॉन्फिगमध्ये तुम्ही कीबोर्डवरून अखंड ऱ टंकलात, डिस्कवर दुसराच आहे, म्हणून ४०४. २२ ठिकाणांत हा एकच शब्द अडला, कारण ऱ असलेलं नाव बहुधा हे एकच आहे. उद्या 'दऱ्या' किंवा 'वऱ्हांडा' आला असता तर तोही अडला असता.

मात्र आधी ठरवा की नेमकं काय जुळत नाही, फाइलचं नाव की सीनचा आयडी. पॅनेलम दोन्हीसाठी वेगळा संदेश देतं. फाइल मिळाली नाही तर फाइलच्या पत्त्यासकट 'ती उघडता आली नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. आयडीच जुळला नाही तर 'पॅनोरमाची प्रतिमा दिलेलीच नाही' अशा अर्थाचा येतो, कारण त्या आयडीचा सीन त्याला सापडलेलाच नसतो. हॉटस्पॉटमधला सीनआयडी आणि सीन्समधली की दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या कीबोर्डवर टंकली असेल तर दुसरा संदेश हमखास दिसेल.

दुरुस्तीचा एक मार्ग म्हणजे सगळी नावं नॉर्मलाइझ करून एनएफसी (युनिकोडचं प्रमाण, जोडलेलं) रूपात आणणं. त्याने 'र अधिक नुक्ता' पुन्हा अखंड ऱ होतो. पण झेडडब्ल्यूजेवाला प्रकार एनएफसीने सुटत नाही, तो शोधून बदलावा लागतो. त्यामुळे माझा सल्ला स्पष्ट आहे: आयडी आणि फाइलनावं रोमन लहान अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, आणि मराठी फक्त 'टायटल' आणि 'टेक्स्ट' या दोन कींमध्ये. मराठी वाचकाला दिसतं ते तिथलंच. पत्ता लांबत नाही हा फायदा वेगळाच: 'पायऱ्या' ची ७ अक्षरं यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट होतात आणि पत्त्यात टक्के-चिन्हांसह ६३.

मराठी कीबोर्डवर कॉन्फिग लिहिताना आणखी एक चूक होते. यॉ (आडवा कोन) किंवा पिचच्या (उभा कोन) आकड्यांत एक जरी आकडा देवनागरी पडला तरी जेसन पार्स होत नाही, कारण जेसनला संख्या इंग्रजी आकड्यांतच लागते. मेसेजमधून किंवा वर्डमधून मजकूर चिकटवला की वळलेली अवतरणचिन्हं येतात, त्यानेही तेच होतं. शेवटच्या घटकानंतर राहिलेला स्वल्पविरामही जेसनला चालत नाही. नोटपॅडने फाइलच्या सुरुवातीला बीओएम (न दिसणारी बाइट-खूण) घातला असेल तर पीएचपीचं जेसन_डिकोड नुसतं नल देतं. अशा वेळी जेसन_लास्ट_एरर_एमएसजी छापून बघायची सवय ठेवा.

---

तटबंदी

तिसरी अडचण नुसती मांडणीची नाही, सुरक्षेची आहे. ती आधी बंद करा.

एचटीएमएल वाचणाऱ्या ब्राउझरला स्क्रिप्ट टॅगच्या आतलं जावास्क्रिप्ट कळत नसतं. तो फक्त स्क्रिप्ट बंद करणारा टॅग शोधतो. तो टॅग अवतरणचिन्हांच्या आत, एखाद्या वाक्याच्या मध्ये असला तरी तिथेच स्क्रिप्ट संपली असं तो धरतो आणि पुढचं सगळं पानाचा मजकूर म्हणून छापतो. तुम्ही चिकटवलेल्या व्हिडिओच्या कोडमध्ये शेवटी तो टॅग होता, म्हणून पान तिथे फुटलं.

खरं म्हणजे पीएचपीचं जेसन_एन्कोड मुळात यापासून वाचवतं. ते प्रत्येक स्लॅशच्या आधी उलटा स्लॅश घालतं, त्यामुळे बंद करणारा टॅग तयारच होत नाही. तुम्ही अनएस्केप्ड-स्लॅशेस देऊन तेच कवच काढलंत. पत्ते वाचायला सोपे दिसतात म्हणून पुष्कळ जण हा पर्याय देतात. पानात छापायच्या जेसनला तो देऊ नये.

नुसता तो पर्याय काढून थांबू नका. जेसन_हेक्स_टॅग आणि जेसन_हेक्स_अँप द्या. मग 'लहान' आणि 'मोठा' ही कोनी चिन्हं उलटा स्लॅश-यू-००३सी आणि ००३ई अशी छापली जातात, जेसन पार्स झालं की पुन्हा मूळ रूपात येतात, आणि मध्ये एचटीएमएलला काहीच सापडत नाही. याने एचटीएमएलच्या टिप्पणीची सुरुवात आणि तिच्यामागे उघडणारा स्क्रिप्ट टॅग असा दुर्मिळ प्रकारही बंद होतो. त्यात खरा बंद टॅगसुद्धा गिळला जातो आणि पानाचा खालचा भाग नाहीसा होतो. अनएस्केप्ड-युनिकोड राहू द्या. देवनागरीचं अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, एस्केप केलं तर ६, आणि पानाचा सोर्स वाचताही येत नाही. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांना २.१ पासून जेसन_स्क्रिप्ट हा फिल्टर आहे, तो हेच करतो.

दुसरा बदल. व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट छापण्याऐवजी स्क्रिप्ट टॅगला टाइप 'ॲप्लिकेशन/जेसन' द्या, एक आयडी द्या, आत फक्त जेसन ठेवा. मग तुमच्या मुख्य स्क्रिप्टमध्ये त्या आयडीचा टेक्स्टकंटेंट घेऊन जेसन डॉट पार्स. असा टॅग ब्राउझर चालवत नाही, तो नुसता माहितीचा ठोकळा असतो. त्यामुळे कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (कुठली स्क्रिप्ट चालू द्यायची हे ब्राउझरला सांगणारे नियम) लावलीत आणि पानातल्या स्क्रिप्टवर बंदी घातलीत तरी हा ठोकळा अडत नाही. व्हेरिएबलवाल्या पद्धतीला प्रत्येक पानावर नॉन्स (एकदाच वापरायचा सांकेतिक शब्द) किंवा हॅश लागेल. शिवाय कुठे स्वल्पविराम चुकला तर पार्सची चूक नेमकी त्याच ओळीवर पकडता येते आणि वाचकाला एक साधा फोटो तरी दाखवता येतो.

इथे एक चूक सर्रास होते: या ठोकळ्यातल्या मजकुराला लोक एचटीएमएलस्पेशलकॅर्स लावतात. स्क्रिप्टच्या आत एंटिटी उलगडल्या जात नाहीत, त्यामुळे अवतरणचिन्हांच्या जागी अँपरसँड-क्वॉट तसंच राहतं आणि पार्स मोडतं. एचटीएमएलस्पेशलकॅर्स लागतं ते डेटा-ॲट्रिब्यूटमध्ये किंमत ठेवताना, आणि तिथे ते लागतंच.

तयार पानातून बाहेर पडताना आणखी एक कवच गेलं आहे. त्या पानात एस्केपएचटीएमएल (मजकुरातले टॅग निष्प्रभ करणारी की) कायम चालू असतं, कारण तिथे कॉन्फिग पत्त्यातून येतं. तुम्ही स्वतः व्ह्यूअर बोलावता तेव्हा ते मुळात बंद असतं आणि माहितीबिंदूचा मजकूर एचटीएमएल म्हणून पानात जातो. माहिती लिहिणारे एकाहून जास्त असतील किंवा ती बाहेरून भरली जात असेल तर कॉन्फिगच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, डिफॉल्टच्या बाहेर, एस्केपएचटीएमएल ट्रू करा.

व्हिडिओसाठी एम्बेड कोडची गरजच नाही. इनरएचटीएमएलमधून आलेला स्क्रिप्ट टॅग ब्राउझर चालवत नाही, म्हणजे तो कोड तिथे तसाही चालला नसता. इन्फो प्रकारच्या हॉटस्पॉटला 'व्हिडिओ' ही की आहे, तिच्यात एमपीफोरचा पाथ द्या, किंवा 'यूआरएल' कीमध्ये व्हिडिओच्या पानाचा पत्ता द्या.

वर्डप्रेसवर हे करणाऱ्यांसाठी: लेखात चिकटवलेला स्क्रिप्ट टॅग लेखक दर्जाच्या खात्यातून सेव्ह केला की निघून जातो, कारण त्या दर्जाला अनफिल्टर्ड एचटीएमएलची मुभा नसते. शॉर्टकोड लिहून ठोकळा थीमच्या किंवा प्लगइनच्या बाजूने छापा. डब्ल्यूपी_लोकलाइझ_स्क्रिप्ट कॉन्फिगसाठी टाळा, ते वरच्या पातळीवरच्या संख्यांच्या स्ट्रिंग करून टाकतं.

---

गडवाट

तिन्ही उत्तरांप्रमाणे बदल केले. बेसपाथने फोटो आले. 'पायऱ्या' चा कोडपॉइंट छापला, डिस्कवरच्या नावात सुटा नुक्ता निघाला, सगळे आयडी आणि फाइलनावं रोमन केली. ॲप्लिकेशन/जेसनचा ठोकळाही चालतो आहे.

पानानुसार सुरुवात बदलण्यासाठी टूरच्या डिव्हला डेटा-सीन असं ॲट्रिब्यूट दिलं आणि व्ह्यूअर बोलावण्याआधी कॉन्फिगच्या डिफॉल्टमधलं फर्स्टसीन त्याने बदललं. हे ठीक आहे ना?

आता एक नवीन गोष्ट लक्षात आली. नगारखान्यातून राजसदरेत गेलं की तोंड मेघडंबरीकडे न राहता भलतीकडेच होतं. टकमक टोकाचा फोटो अजून ताणलेलाच आहे.

---

क्षितिजरेषा

डेटा-सीन बरोबर आहे. फक्त ती किंमत सीन्समध्ये खरंच आहे का ते आधी तपासा, नसेल तर मूळ फर्स्टसीन राहू द्या.

तोंड भलतीकडे होतं कारण हॉटस्पॉटला टार्गेटयॉ दिलेला नाही. तो नसला की नवा सीन आपल्या स्वतःच्या यॉवर उघडतो, तुम्ही कुठून आलात याच्याशी त्याचा संबंध नसतो. सोपा हिशोब असा: राजसदरेच्या सीनमध्ये परत नगारखान्याकडे नेणारा बाण ज्या यॉवर आहे त्यात १८० मिळवा, तो नगारखान्यातल्या बाणाचा टार्गेटयॉ. परतीचा बाण ६० वर असेल तर २४०, म्हणजे −१८० ते १८० च्या पट्टीत −१२०. माणूस ज्या दारातून आत आला त्याकडे त्याची पाठ असते, एवढंच त्यामागचं तत्त्व आहे.

२२ सीनसाठी हे प्रत्येक बाणाला करणं जिकिरीचं वाटलं तर नॉर्थऑफसेट भरा आणि टार्गेटयॉला 'सेमअझिमथ' द्या. मग माणूस ज्या दिशेला बघत चालला होता त्याच दिशेला नव्या सीनमध्ये बघतो. नॉर्थऑफसेट म्हणजे फोटोचा मध्य उत्तरेपासून किती अंशांवर आहे. मेघडंबरीपाशी उभं राहिलं की नगारखाना पूर्वेला येतो. होकायंत्रावर तो समजा ९० अंशांवर वाचला आणि तुमच्या फोटोत तो ३० च्या यॉवर दिसतो आहे, तर नॉर्थऑफसेट ९० वजा ३०, म्हणजे ६०. प्रत्येक सीनमध्ये लांबची, ठळक, एकच खूण पकडून हा हिशोब करा. जवळची खूण घेतली तर ट्रायपॉड हातभर सरकला तरी कोन बदलतो. एकाही सीनमध्ये ही की राहिली तर तिथे शून्य धरलं जातं आणि फक्त त्याच ठिकाणी तोंड फिरतं. अशा वेळी दोष बाणात शोधू नका.

बाणांच्या जागा अंदाजाने भरू नका. डिफॉल्टमध्ये हॉटस्पॉटडीबग ट्रू करा. दर्शकाच्या मध्यावर एक खूण येते आणि फोटोवर क्लिक केलं की कन्सोलमध्ये पिच आणि यॉ छापले जातात, शिवाय त्या क्षणीचा मध्य आणि एचफोव्ह (दृश्याची आडवी रुंदी, अंशांत). आकडे उचलून एका दशांशापर्यंत ठेवा, त्याहून बारीक लिहून दिसण्यात फरक पडत नाही. साइट चढवताना ही की काढा.

क्रपॅनोमधून (अशाच टूरचं दुसरं साधन) टूर आणत असाल तर उभ्या कोनाचं चिन्ह उलटं असतं. तिथे एटीव्ही अधिक म्हणजे खाली, पॅनेलममध्ये पिच अधिक म्हणजे वर. तसंच आणलं तर पायरीवरचे बाण आकाशात जातात. मार्झिपॅनो या तिसऱ्या साधनाचे आकडे रेडियनमध्ये असतात, त्यांना १८० ने गुणून पायने भागावं लागतं.

आता टकमक टोक. फोनने काढलेल्या फोटोच्या आत जीपॅनो नावाची एक्सएमपी माहिती असते: पूर्ण गोलाची रुंदी-उंची किती, त्यातला कुठला भाग फोटोत आहे, तोंड कोणत्या दिशेला. पॅनेलम ती वाचून फोटो गोलावर बरोबर जागी बसवतं. म्हणजे तुमच्या टूरचं थोडं कॉन्फिग फोटोच्याच पोटात होतं. कॉम्प्रेस करणाऱ्या साधनाने मेटाडेटा काढून टाकला, आणि आता पॅनेलम तो कापलेला फोटो वरपासून खालपर्यंत पूर्ण १८० अंश आहे असं धरून ताणतं.

मूळ फोटोतले आकडे एक्झिफटूलने (फोटोतली मेटाडेटा माहिती वाचणारं साधन) बघा आणि कॉन्फिगमध्ये स्वतः लिहा. समजा पूर्ण गोल ८००० बाय ४००० पिक्सेल, कापलेला भाग ८००० बाय २४००, आणि तो वरून १००० पिक्सेल सोडून सुरू होतो. मग हॅओव्ह (फोटो आडवा किती अंश व्यापतो) ३६०. व्हॅओव्ह (उभा किती अंश) म्हणजे २४०० भागिले ४००० गुणिले १८०, येतात १०८. फोटोचा मध्य वरून १००० अधिक १२००, म्हणजे २२०० वर. गोलाचा मध्य २०००. मध्य २०० पिक्सेल खाली आहे, अंशांत ९, आणि खाली म्हणून व्हीऑफसेट −९. मिनपिच −६३ आणि मॅक्सपिच ४५ दिलं की वाचकाला वरखालचा रिकामा काळा भाग दिसत नाही. कॉन्फिगमधल्या किंमती एक्सएमपीवर मात करतात, म्हणून उद्या कोणी मूळ फोटो परत चढवला तरी काही बिघडत नाही. एक्सएमपी मुळीच वाचू नये असं हवं असेल तर इग्नोरजीपॅनोएक्सएमपी ही की आहे.

---

कोडकट्टा

राहिलेला प्रश्न, पानात की वेगळी फाइल.

तुमच्या टूरसाठी माझं मत वेगळ्या फाइलच्या बाजूने आहे. २२ पानांवर तेच कॉन्फिग, फक्त सुरुवातीचा सीन वेगळा. मग पानात डेटा-सीन एवढंच ठेवा आणि बाकीचं टूर डॉट जेसनमधून ब्राउझरच्या फेच या फंक्शनने आणा. ती फाइल ब्राउझरमध्ये एकदा साठली की पुढच्या पानांना पुन्हा यावी लागत नाही. पानाच्या हेडमध्ये तिचा प्रीलोड (आधीच उतरवून ठेवण्याची सूचना) द्या, ॲज 'फेच' आणि क्रॉसओरिजिन या दोन ॲट्रिब्यूटसह. फाइल तुमच्याच डोमेनवर असली तरी क्रॉसओरिजिन लागतंच, नाहीतर प्रीलोड आणि फेच जुळत नाहीत आणि फाइल दोनदा उतरते. पहिल्या फोटोचा प्रीलोडही असाच, ॲज 'इमेज' नाही तर ॲज 'फेच', कारण पॅनेलम तो इमेज म्हणून मागतच नाही.

आकाराची काळजी मात्र करू नका. २२ सीन आणि प्रत्येकी तीनेक बाण म्हणजे काही किलोबाइटचा मजकूर, जीझिप झाल्यावर आणखी कमी. खरं ओझं फोटोचं आहे. ४०९६ बाय २०४८ चा एक फोटो ग्राफिक्सच्या मेमरीत उलगडला की पिक्सेलला ४ बाइटप्रमाणे ३२ मेगाबाइट होतो, ८१९२ बाय ४०९६ चा १२८. जेपीईजी कितीही आवळली तरी हा आकडा तोच राहतो. फोनसाठी ४०९६ रुंदी ही सुरक्षित मर्यादा धरा. त्यापलीकडे बारकावे हवे असतील, राजसदरेतलं दगडी काम जवळून दाखवायचं असेल, तर त्या सीनसाठी मल्टिरेझ (फोटोचे तुकडे करून लागतील तेवढेच उतरवणं) करा. पॅनेलमसोबतची जनरेट डॉट पीवाय ही स्क्रिप्ट हगिन या पॅनोरमा जोडण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या नोना या साधनाने घनाच्या सहा बाजूंचे ५१२ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि कॉन्फिग डॉट जेसनही लिहून देते. त्यातला मल्टिरेझचा भाग उचलून तुमच्या सीनमध्ये ठेवा, त्या सीनचा टाइप इक्विरेक्टँग्युलरऐवजी मल्टिरेझ करा, आणि बेसपाथ त्यालाही लागतो हे लक्षात ठेवून पाथ जुळवा.

---

तटबंदी

वेगळ्या फाइलच्या मताशी सहमत, पण एक अट आहे. टूर डॉट जेसन लांब मुदतीने कॅशमध्ये ठेवलीत आणि तुम्ही आत्ता केलीत तशी सगळ्या फोटोंची नावं बदललीत, तर जुन्या वाचकाच्या ब्राउझरमधलं जुनं कॉन्फिग जुनीच नावं मागत राहील. फाइलच्या पत्त्याला आवृत्तीचा आकडा जोडा आणि कॉन्फिग बदलेल तेव्हा तो पीएचपीमधून बदला, फाइलमटाइम (फाइल शेवटची कधी बदलली ते सांगणारं फंक्शन) वापरलात तर आपोआप बदलतो. पान स्वतः कॅशमध्ये असेल तर त्यातला जुना आकडाही तिथेच राहतो, म्हणून पानांची कॅश त्याच वेळी रिकामी करा. जुन्या देवनागरी नावांचे फोटो महिनाभर सर्व्हरवरून काढू नका.